पण सायन्सचं काय करू, ताई?

मूल घरीच शिकतंय. भाषा जमते, गणितही कसंबसं जमतं. पण विज्ञान शिकवायला घरात प्रयोगशाळा कुठून आणायची? अमरावती-अकोल्याच्या काही आयांना याचं उत्तर स्वयंपाकघरात, अंगणात आणि एकमेकींच्या सोबतीत सापडलं, त्याविषयी...

शाळेत न जाता घरी शिकणारी मुलं आपल्याकडे अजून मोजकीच आहेत. पुण्या-मुंबईकडे 'होमस्कूलिंग' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आपल्या वऱ्हाडात मात्र एखादीने 'माझा मुलगा शाळेत जात नाही' असं म्हटलं, की समोरची आधी विचारते, "का वो, बरं नाही काय त्याले?" आणि मग मनातल्या मनात फीचा हिशेब मांडते. अशा वातावरणात मुलाला घरी शिकवायचं म्हणजे आईने रोज दोन परीक्षा द्यायच्या. एक मुलाच्या अभ्यासाची आणि दुसरी शेजारणींच्या प्रश्नांची!

या आया माझ्याकडे येतात त्या बहुतेक एकच प्रश्न घेऊन. "मराठी मी पाहून घेते, गणिताले त्याचे बाबा हायेत. पण सायन्सचं काय करू वो ताई? मी तं बारावी आर्ट्स. अन् घरात काय प्रयोगशाळा थोडीच हाये!"

मी अकोल्याच्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर अमरावतीला आले. दर रविवारी सकाळी माझ्या अंगणात दोन तास दहा-बारा मुलं जमतात. त्यातली चार घरी शिकणारी आणि बाकीची शाळेत जाणारी. अकोल्यातही दोन-तीन घरांनी मिळून असंच सुरू केलं आहे. फी नाही, युनिफॉर्म नाही, पाटीही लावलेली नाही. अट एकच. मुलाला सोडून आईने निघून जायचं नाही. तिनेही बसायचं. हवं तर भाजी निवडायला घेऊन यावं, पण बसायचं.

ही अट का, ते पुढे येईलच.

घरी शिकणं आणि घरी बसवणं

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या बाबतीत गोंधळ फार होतो. मुलाला घरी शिकवणं वेगळं आणि मुलीला घरी बसवणं वेगळं. 'आमची पोरगी घरीच अभ्यास करते' असं सांगायचं आणि दिवसभर तिच्याकडून भांडी, धाकट्या भावाची राखण आणि शेतावरचा डबा करून घ्यायचा, याला कुणी होमस्कूलिंग म्हणू नये. ओळखायची खूण सोपी आहे. घरातल्या त्या मुलीसाठी रोज कुणीतरी मोठं माणूस वेळ काढतं का? तिच्या हातात पुस्तक येतं का? पुढची परीक्षा कोणती, हे ठरलेलं आहे का? नसेल, तर तिला उद्याच शाळेत पाठवा. शाळा कशीही असली तरी या घरापेक्षा बरी.

माझ्याकडे येणाऱ्या चौघांची कारणं वेगवेगळी. एकाला अक्षरं उलटसुलट दिसतात, फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही. एकीचा दमा असा, की वर्षातले तीन महिने घरातच जातात. उरलेले दोघं भाऊ-बहीण. त्यांच्या वडिलांचं रस्त्याच्या कंत्राटाचं काम. दर वर्षी गाव बदलतं.

कायद्याचं म्हणाल तर सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरच्या शिक्षणाविषयी नेमकं कलम नाही. पण २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली होती. परीक्षेचाही मार्ग आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएस ही संस्था १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिची दहावी देता येते. आणि आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे घराघरात माहीत आहे.

म्हणजे रस्ता आहे. अडतं ते विज्ञानाशी.

कुलूपबंद कपाट

मैत्रिणींनो, जरा आठवून पाहा. आपल्यापैकी कितीजणींनी शाळेत असताना परीक्षानळी स्वतःच्या हाताने धरली होती? बहुतेक ठिकाणी बाई टेबलावर प्रयोग करायच्या आणि साठ मुली टाचा उंचावून बघायच्या. मागच्या बाकावरच्यांना दिसायचा तो फक्त धूर. भिंगं, तराजू, चुंबकं कपाटात, कपाटाला कुलूप. मग 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वहीत उतरवून घ्यायचं. प्रयोग न पाहताच अनुमान!

त्यामुळे 'माझ्या घरी प्रयोगशाळा नाही' ही खंत बाळगणाऱ्या आईला मी सांगते, की शाळेतल्या मुलालाही ती फारशी मिळत नाही. शाळेत जे मिळतं आणि घरी मिळत नाही ते दुसरंच. बरोबरीची मुलं. प्रयोग फसला की हसणारं, 'तुझं चुकलं, माझं बघ' म्हणणारं कुणीतरी. विज्ञान एकट्याने शिकता येत नाही, कारण तिथे आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून द्यावं लागतं. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईने उपकरणं गोळा करण्याआधी दोन-चार घरं गोळा करावीत.

हाताने काम करत शिकण्याची कल्पना काही परदेशातून आलेली नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत मुलं कापूस वेचायची, टकळीवर सूत काढायची, शेती करायची आणि त्यातूनच गणित आणि विज्ञान शिकायची. डॉ. अभय बंग याच शाळेत शिकले. मधल्या काळात बंद पडलेली ही वाट २००५ साली 'आनंद निकेतन' शाळेच्या रूपाने सेवाग्रामला पुन्हा सुरू झाली. अमरावतीच्या वकिलांशी लग्न होऊन इथे संसार केलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाई बधेकांकडे भावनगरला गेल्या आणि बालशिक्षणाच्या कामात पडल्या. १९४५ नंतर बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. मुलं गुरांमागे रानात जातात आणि शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा! मूल शाळेत बसत नसेल तर शिक्षणाने मुलाकडे जावं, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या मेळघाटाच्या पलीकडे, सातपुडा उतरलं की होशंगाबाद. आता त्याचं नाव नर्मदापुरम झालं आहे. तिथे १९७२ साली सोळा खेडेगावच्या शाळांत पाठांतराऐवजी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोतले एक इंजिनिअर १९७८ साली रजा काढून तिथे गेले. गावच्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवल्या. ते अरविंद गुप्ता. कचऱ्यातून खेळणी करणारे म्हणून आज ते जगभर ओळखले जातात. पुण्याच्या आयुकामध्ये २००४ साली मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली, तिथे त्यांनी पुढची दहा वर्षं काम केलं. या शोधिकेच्या इमारतीसाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने देणगी दिली, म्हणून तिचं नाव 'पुलस्त्य'. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

हळद, कुंकू आणि लिंबू

आमचा पहिला रविवार नेहमी हळदीचा असतो. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवायची, शाई टिपायच्या कागदाला किंवा साध्या पांढऱ्या कागदाला लावायची, वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या. झाला आपला परीक्षक कागद. मग एकेका पट्टीवर एकेक थेंब टाकायचा. साबणाचं पाणी, पापडखाराचं पाणी, दही, चिंचेचा कोळ, चुन्याची निवळी, लिंबू. साबण, खार आणि चुना लागला की पिवळी पट्टी लालसर होते. त्याच डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. मुलं अक्षरशः किंचाळतात. आया मात्र शांत असतात, कारण हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं असतं. त्यामागे रसायनशास्त्र आहे, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं, एवढंच.

मी सांगते, की चुना, खार, साबण हे आम्लारी. लिंबू, चिंच, दही ही आम्लं. हळदीतलं रंगद्रव्य आम्लारी पदार्थात लाल होतं. हळदीला चुना, टाकणखार यांची जोड देऊन कुंकू लाल करण्याची जुनी रीत आहे, तिचं मूळ यातच. आणि आपल्या बुलढाण्याचं लोणार सरोवर? उल्का आदळून झालेल्या, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद विवरातलं आणि पाणी साबणासारखं आम्लारी. सहलीला गेलात तर खिशात हळदीची पट्टी घेऊन जा.

एकदा मुलांनी घराघरातून कुंकू आणलं आणि त्यावर लिंबू पिळलं. एकच कुंकू पिवळं पडलं, बाकी लालच. "म्हणजे बाकी सगळ्यांचं नकली!" एकाने निकाल दिला. मी म्हटलं, थांब. चुन्याने आलेला लाल रंग लिंबाने जातो, पण टाकणखाराने आलेला तसा सहज जात नाही. मग नकली कशावरून? पोरगं विचारात पडलं. निकाल देण्याआधी थांबायचं असतं, ही गोष्ट शिकवायला मला याहून चांगला धडा मिळाला नसता.

डाळ शिजेना

आता त्या अटीकडे येते. ज्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात, त्याची आई पहिले दोन महिने भिंतीला टेकून मुकाट बसायची. तिचं माहेर दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला हा मोठा पट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारट.

एका रविवारी विषय पाण्याचा होता. "दोन्ही पाणी स्वच्छच दिसतात, मग फरक कसा ओळखायचा?" असं मी विचारलं. मुलं म्हणाली, चव घेऊन. चव घ्यायची नसेल तर? सगळे गप्प. आणि भिंतीजवळून आवाज आला, "डाय शिजवून पाहा ना. आमच्या माहेरच्या बोरच्या पाण्यात तुरीची डाय शिजतच नाही. आई पावसाचं पाणी धरून ठेवे डायीसाठी."

पुढच्या रविवारी ती स्वतः माहेरहून कॅन भरून पाणी घेऊन आली. तीन सारखी पातेली, प्रत्येकात एक वाटी तुरीची डाळ, सारखंच पाणी. एकात खारपाणपट्ट्यातलं, एकात नळाचं, एकात गच्चीवर धरून गाळलेलं पावसाचं. कुकर नाही, उघडी पातेली. दर पाच मिनिटांनी एक दाणा बोटांनी दाबून बघायचा आणि वेळ लिहायची. पावसाच्या पाण्यातली डाळ सगळ्यात आधी मऊ झाली, मग नळाच्या पाण्यातली. बोरच्या पाण्यातला दाणा तासाभरानंतरही बोटाला टोचत होता.

का, ते मी नंतर सांगितलं. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी ज्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात, त्याला हे क्षार घट्ट धरून ठेवतात, म्हणून दाणा सुटत नाही. याच पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, तोही यामुळेच. मग तिन्ही पाण्यांचे दोन-दोन चमचे स्टीलच्या ताटल्यांत उन्हात ठेवले. दुपारी बोरच्या पाण्याच्या ताटलीत पांढरं कडं उरलं. पावसाच्या पाण्याच्या ताटलीत जवळजवळ काहीच नाही. मुलाने हळदीची पट्टी आणली, बोरच्या पाण्यात बुडवली. ती फारशी बदलली नाही. "काकू, खारट तं हाये, मंग लाल काऊन नाही झाली?" खारट म्हणजे आम्लारीच असं नाही. मिठाचं पाणीही हळद लाल करत नाही. हा प्रश्न त्याला पुस्तकातून पडला नसता.

पण मला सांगायचंय ते डाळीबद्दल नाही. त्या दिवशी घरी जाताना तो आईला म्हणाला, "तुले तं सायन्स येते!" लिहिता-वाचता न येणाऱ्या पोराचं काय होणार, या काळजीने अर्धी झालेली, नातेवाइकांत मान खाली घालणारी ती बाई त्या दिवसानंतर भिंतीला टेकून बसली नाही. आता पुढच्या रविवारचं सामान तीच ठरवते.

म्हणून आईने बसायचं. मुलाला प्रयोग दुसरं कुणीही दाखवेल. पण आपली आई विचार करते, तिला ठाऊक आहे, तिला प्रश्न विचारता येतो, हे त्याला घरीच कळावं लागतं. आठवड्यातले सहा दिवस तीच त्याची शाळा असते.

कढीपत्त्यावरचे पाहुणे

पावसाळ्यात आमच्याकडे अळ्या पाळायचा उद्योग असतो. लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका दिसला, तर तो झटकू नका. ती फुलपाखराची अळी असते. शत्रूला फसवायला तिने तसं रूप घेतलेलं असतं. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. बरणीत फांदी ठेवायची, तोंडाला मलमलचं कापड बांधायचं, रोज ताजी पानं द्यायची, घाण काढायची. रोज एक चित्र आणि मोजपट्टीने लांबी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात.

दम्याच्या त्रासामुळे घरात असणाऱ्या मुलीने तीन कोष सांभाळले होते. दोनांतून फुलपाखरं निघाली. तिसऱ्याला भोक पडलं आणि त्यातून बारीक माश्यांसारखे कीटक बाहेर आले. तिच्या डोळ्यांत पाणी. त्या गांधीलमाशीच्या जातीच्या किड्याने आपली अंडी तिच्या अळीच्या पोटात घातली होती. एका मुलाचे काका वरुडकडचे संत्रेवाले. ते तिथे बसलेले होते. ते म्हणाले, "बरं झालं! ही अळी आमच्या संत्र्याची पानं खाते." दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे आपण कुठे उभं राहून बघतो त्यावर ठरतं, हे त्या दहा वर्षांच्या मुलीने वहीत आपल्या शब्दांत लिहिलं. मी त्या पानावर एकही खूण केली नाही.

हिवाळ्यात अमरावतीचं छत्री तलाव, अकोल्याचं कापशी तलाव इथे पक्षी बघायला जातो. मेळघाटात काम केलेले आपले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं, त्यांच्या सवयी त्यांनी जन्मभर गोळा केल्या. आम्हीही मुलांना आधी पुस्तक देत नाही. तलावावर गुरं आणणाऱ्या माणसाला विचारा, तो या पक्ष्याला काय म्हणतो? पुस्तकातलं नाव नंतर.

जेव्हा सावली नाहीशी होते

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' असं आपण सगळे म्हणतो. खरं आहे का? डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी अंगणात सरळ काठी उभी करा. आपल्याकडे तिची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते! सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षात फक्त दोन दिवस. त्यातला जुलैमधला दिवस ढगांत जातो. उरतो मेमधला. अकोल्यात २३ मेच्या आसपास आणि अमरावतीत २५ मेच्या आसपास, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते.

दोन गावांत दोन दिवसांचा हा फरक आमच्या मुलांना फार आवडतो. अकोल्याची मुलं आधी फोन करतात, "आमची गेली!" त्या दिवशी अमरावतीच्या मुलांच्या डब्याला अजून बारीकशी सावली असते. दोन दिवसांनी इकडचा फोन तिकडे जातो. मेच्या सुरुवातीला कोल्हापूरकडे असलेला सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत आपल्यापर्यंत येतो, हे मुलांना नकाशा न उघडता समजतं. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, कारण सूर्य तिथपर्यंत डोक्यावर जातच नाही. कर्कवृत्तावरूनच परत फिरतो. दिल्लीला नाही ते आपल्या वऱ्हाडात आहे, हे ऐकून पोट्टे जाम खूश!

सामान काय लागतं? सरळ बाजूंचा स्टीलचा डबा आणि सपाट जागा. जागा सपाट आहे का हे परातीत पाणी घेऊन बघता येतं. मात्र वऱ्हाडातलं मेमधलं ऊन म्हणजे थट्टा नव्हे. डोक्याला दुपट्टा, हाताशी पन्हं आणि उन्हात दहा मिनिटांच्या वर नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावलीकडेच बघायचं.

अडचणी आहेतच

हे सगळं वाचून वाटेल, की किती छान, आपणही उद्यापासून मुलाला शाळेतून काढू. तसं मुळीच करू नका. घरी शिकवण्याचा भार नव्याण्णव टक्के आईवरच पडतो. तिची नोकरी, तिची झोप, तिचं माहेरपण यातूनच तो वेळ निघतो. घरातल्या बाकीच्यांनी 'तू घरीच तर असतेस' असं म्हणायचं ठरवलं असेल, तर हा प्रयोग चालणार नाही.

दुसरं, परीक्षा. डाळ शिजवून विज्ञान कळतं, पण व्याख्या लिहाव्याच लागतात. एनआयओएसच्या दहावीला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. आमचा तो मुलगा दीड वर्षाने तिला बसेल. अभ्यासात अडचण असणाऱ्या मुलांना प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ते कागदपत्रांचं काम त्याच्या आईने आत्ताच हाती घेतलं आहे. तो पास होईल का? तोंडी विचारलं तर शाळेतल्या मुलांना मागे टाकतो. लिहायला बसला की अजूनही अडखळतो. मी तिला खोटा दिलासा देत नाही. एवढंच सांगते, की दोन वर्षांपूर्वी हा मुलगा 'मला काहीच येत नाही' म्हणायचा. आता तो 'हे काऊन झालं?' असं विचारतो. या दोन वाक्यांत फार अंतर आहे आणि ते त्याने चालून पार केलं आहे.

आणि ज्यांची मुलं शाळेत जातात, त्यांनीही रविवारची सकाळ मोकळी ठेवावी. २०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा प्रत्येक घर एकाएकी शाळा झालं होतं. तेव्हा मोबाइलपुढे मुलांना बसवून आपण सगळ्या थकून गेलो. त्याच घरात हळद होती, डाळ होती, अंगणात ऊन होतं. ते सगळं अजूनही आहे.

सुरुवात करायची तर...

- आधी दोन-चार घरं जमवा. वेगवेगळ्या वयाची मुलं असली तर उत्तमच. दर आठवड्याला घर बदला, म्हणजे एकीवरच भार पडत नाही.
- एका दिवशी एकच प्रश्न. दोन तासांत दहा प्रयोग दाखवले तर तो जादूचा खेळ होतो.
- उत्तर माहीत असलं तरी आधी सांगू नका. माहीत नसेल तर 'मलाही माहीत नाही, शोधू या' असं सरळ म्हणा.
- प्रत्येक मुलाची कोरी वही हवी. तारीख, चित्र, मोजमाप आणि 'मला काय वाटलं' एवढंच. शुद्धलेखनाच्या चुका या वहीत काढू नका.
- फसलेला प्रयोगही लिहायला लावा.
- विजेचे प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर. घरातल्या प्लगला हात नाही. चुना, खार डोळ्यांपासून दूर. केसाळ सुरवंटांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात गवतात जाताना बूट हवेतच.
- मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने लहान मुलांसाठी तयार केलेली 'हलकं-फुलकं विज्ञान' ही पुस्तकं पाहा. नागपूरला जाणं झालं तर रमण विज्ञान केंद्र चुकवू नका.
- मुक्त विद्यालयाचे, सतरा नंबरच्या फॉर्मचे नियम आणि तारखा बदलत असतात. मूल तेरा वर्षांचं झालं की लगेच चौकशी करून ठेवा.